ऋषीचं कूळ विचारू नये, औषधाचं मात्र विचारावं

प्रश्न औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. "पुस्तकात लिहिलंय की अँटिबायोटिक सूक्ष्मजीवांपासून मिळतात. पण आपण घेतो त्या कॅप्सूल आजही खरंच बुरशीपासून बनतात, की कारखान्यात रसायनं मिसळून? कोणता सूक्ष्मजीव कोणतं औषध देतो आणि ते कशावर चालतं? आणि ही औषधं निसर्गातलीच असतील, तर त्यांचा एवढा त्रास का होतो?"

तीन प्रश्नांना तीन सुटी उत्तरं देता येतील, पण माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत रक्त, लघवी, पू आणि थुंकी यांची कल्चर (म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून) बघत माझी वीसहून जास्त वर्षं गेली. नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात सांगतो ते हेच, की औषधांचा तक्ता घोकू नका, औषधाचं कूळ विचारा. ते कुणी बनवलं, कुणाविरुद्ध बनवलं, आणि बनवणाऱ्याने त्यापासून स्वतःला कसं वाचवलं? एवढं कळलं की औषध कशावर चालेल, माणसाला कुठे त्रास देईल आणि जिवाणू त्याला कसे चकवतील, यातलं निम्मंअधिक न घोकता कळतं.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. 'अँटिबायोटिक' हा शब्द या अर्थाने रूढ केला सेल्मन वॉक्समन यांनी, १९४० च्या दशकात. एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि अगदी थोड्या प्रमाणात दुसऱ्या सूक्ष्मजीवाची वाढ रोखणारा किंवा त्याला मारणारा पदार्थ, ही मूळ व्याख्या. ती काटेकोरपणे लावली तर सल्फाची औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड आणि क्षयावरचं आयसोनियाझिड ही अँटिबायोटिक नव्हेतच, कारण ती रसायनशास्त्रज्ञांनी घडवली. व्यवहारात आपण सगळ्यांनाच अँटिबायोटिक म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त परीक्षेत हा फरक लिहा. मेट्रोनिडाझोल मात्र अधेमधे बसतं. ते कृत्रिम आहे, पण त्याची कल्पना ज्या अझोमायसिनवरून सुचली ते स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूतून मिळालं होतं.

आता बुरशी. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्लेटवर पेनिसिलियम बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे स्टॅफिलोकोकस जिवाणू विरघळले, ही गोष्ट तुम्ही दहा वेळा ऐकली असणार, म्हणून लांबवत नाही. मला तिच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये निबंध छापला आणि त्यानंतर दहाएक वर्षं त्यातून औषध म्हणावं असं काही हाती आलं नाही, कारण तो पदार्थ शुद्ध करायला गेलं की नाहीसा व्हायचा. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी तो टिकवला. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस टोचला आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत ते चार जिवंत होते, उरलेले चार मेले होते.

पुढच्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं गेलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतुसंसर्ग सगळीकडे पसरला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, माणूस जेवू लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत होते, तेही पुरलं नाही. मार्च १९४१ मध्ये तो गेला. मी हा प्रसंग नेहमी सांगतो, कारण त्यात पेनिसिलिनचे दोन गुणधर्म आयतेच सापडतात. एक म्हणजे मूत्रपिंड ते भराभर बाहेर टाकतं, म्हणून साधं पेनिसिलिन दर चार-सहा तासांनी द्यावं लागतं. आणि दुसरं, ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नाही.

औषध पुरेसं बनवण्याचं कोडं अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत सुटलं. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा दाट अर्क बुरशीला खाऊ घातला, पसरट भांड्यांऐवजी हवा सोडलेल्या खोल टाक्यांत ती वाढवली आणि बाजारात सापडलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजावरची जास्त उत्पादन देणारी जात निवडली. आजच्या उत्पादनातल्या बुरशीची वंशावळ त्याच जातीपर्यंत जाते. मधल्या काळात क्ष-किरण आणि अतिनील किरण मारून तिच्यात इतके बदल घडवलेत की मूळ पूर्वजाला ती ओळखू येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे, पण त्याला एक पुरवणी जोडावी लागते. पेनिसिलिन जी आजही बुरशीच बनवते, प्रचंड टाक्यांमध्ये. अमॉक्सिसिलिन मात्र कोणतीही बुरशी बनवत नाही. टाकीतलं पेनिसिलिन घ्यायचं, एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, त्याची शेपटी कापायची (हे विकरही ई. कोलायसारख्या जिवाणूकडूनच घेतलेलं), म्हणजे उरतो तो ६-एपीए नावाचा गाभा. १९५७ मध्ये तो सुटा हाती लागला आणि मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याला हवी ती शेपटी जोडायला सुरुवात केली. एक शेपटी लावली की औषध पोटातल्या आम्लात टिकतं, दुसरी लावली की ग्रॅम-ऋण (बाहेरून एक जादा आवरण असलेल्या) जिवाणूंमध्ये शिरतं, तिसरी लावली की जिवाणूच्या विकराला दाद देत नाही. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन ही सगळी त्या एका गाभ्याची लेकरं. याला अर्धकृत्रिम म्हणतात आणि आज दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांतली बरीचशी याच गटातली आहेत. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि अमिकासिन या सगळ्यांचा सांगाडा सूक्ष्मजीवाचा आणि वरची कलाकुसर माणसाची. उलट उदाहरणही आहे. क्लोरॅम्फेनिकॉल १९४७ मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं, पण त्याचा रेणू इतका साधा निघाला की तो सरळ रसायनांपासून बनवणंच सोपं पडलं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका विणू देत नाही. त्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नावाचं जाळं असतं आणि त्याचे टाके घालणाऱ्या विकरालाच पेनिसिलिन जाऊन चिकटतं. भित्तिका अर्धवट राहते आणि जिवाणू फुटतो. बुरशीची स्वतःची भित्तिका कायटिन आणि ग्लुकनची असते, तिच्यात पेप्टिडोग्लायकन नसतंच. म्हणून तिला आपल्या हत्याराची भीती नाही. आणि माणसाच्या पेशीला तर भित्तिकाच नाही! बुरशी आणि माणूस दोघांकडेही नसलेल्या गोष्टीवर हे औषध घाव घालतं, म्हणून ते इतकं सोसवतं. ॲलर्जी हा त्याचा खरा धोका, पण तीही समजतो त्यापेक्षा दुर्मीळ. 'मला पेनिसिलिन चालत नाही' असं सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं. लहानपणी विषाणूच्या तापात अंगावर आलेलं पुरळ औषधाच्या नावावर जमा होतं आणि तो शिक्का आयुष्यभर पुसला जात नाही.

पेनिसिलिन म्हातारं झालं असं समजू नका. गरमी म्हणजे सिफिलिसच्या सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन आजही पहिली पसंती आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून तेच दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं देतात. घसा सुजवणाऱ्या 'ए' गटाच्या स्ट्रेप्टोकोकसने इतक्या वर्षांत पेनिसिलिनला दाद न देण्याची विद्या शिकलेली नाही. का नाही, हे कोडं मला आजही छळतं.

बुरशीचीच दुसरी मोठी देणगी सार्डिनिया बेटावरची. १९४५ मध्ये काल्यारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू यांनी सांडपाणी समुद्राला मिळतं त्या जागेच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यातून पुढे ऑक्सफर्डमध्ये सेफॅलोस्पोरिन सी मिळालं. स्टॅफिलोकोकसचं पेनिसिलिन फोडणारं विकर त्याला फोडू शकत नव्हतं, म्हणून त्याचं महत्त्व. आज मेंदुज्वर, विषमज्वर, परमा आणि गंभीर न्यूमोनिया यांत वापरलं जाणारं सेफ्ट्रायॅक्सोन याच घराण्यातलं.

पण या क्षेत्राचा खरा सम्राट बुरशी नव्हे. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की जो मृद्गंध येतो, त्यातला एक मोठा वाटेकरी जिओस्मिन नावाचा पदार्थ, आणि तो प्रामुख्याने बनवतात स्ट्रेप्टोमायसीस. दिसायला बुरशीसारखे, धागे पसरणारे, पण जातीने जिवाणू. प्लेटवर वाढले की खडूच्या भुकटीसारखी कोरडी वसाहत दिसते, आगरमध्ये घट्ट रुतलेली. झाकण उघडलं की पावसाळा! ओझं संपलेल्या संध्याकाळी मी उगाचच ते उघडून वास घेत असे. सुरक्षा नियमांत हे बसत नाही, तुम्ही करू नका.

स्ट्रेप्टोमायसीसला जागचं हलता येत नाही. खाणं संपलं की तो बीजाणू करायला लागतो आणि त्यासाठी आपलेच जुने धागे जिरवतो. ते आयतं अन्न शेजाऱ्यांनी पळवू नये म्हणून याच सुमाराला तो विषारी रसायनं सोडतो, असं एक पटण्याजोगं स्पष्टीकरण दिलं जातं. निसर्गात ही रसायनं इतक्या कमी प्रमाणात असतात की ती कदाचित हत्यारं नसून निरोपही असतील, असंही काही संशोधक म्हणतात. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं.

१९४३ मध्ये रट्गर्स विद्यापीठात वॉक्समन यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. क्षयाच्या जंतूवर पेनिसिलिन चालत नव्हतं, हे चाललं. श्रेयासाठी शॅट्झ यांना पुढे कोर्टात जावं लागलं आणि १९५२ चं नोबेल एकट्या वॉक्समन यांना मिळालं. ते असो. वैद्यकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट १९४८ साली छापली गेली ती ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी. कुणाला औषध आणि कुणाला फक्त अंथरुणावर विश्रांती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं आधीच ठरवलेलं. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले, न घेणाऱ्या ५२ पैकी १४. पण त्याच चाचणीत दिसलं की काही आठवड्यांतच अनेकांच्या थुंकीतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले आणि सुधारलेले रुग्ण पुन्हा ढासळले. क्षयावर एकटं औषध कधी देऊ नये, हा धडा तिथे मिळाला. आजच्या क्षयोपचाराचा कणा असलेलं रिफाम्पिसिनही मातीतलंच आहे. १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातल्या मातीतून मिळालेल्या जिवाणूच्या रिफामायसिनपासून ते घडवलं गेलं. लघवी आणि घाम नारिंगी करणारं हे औषध जिवाणूचं आरएनए बनवणारं यंत्र बंद पाडतं. ते यकृतातली विकरं इतकी वाढवतं की गर्भनिरोधक गोळ्यांपासून रक्त पातळ करणाऱ्या औषधांपर्यंत अनेकांचा असर उतरतो. रुग्ण दुसरं काय घेतोय हे न विचारता रिफाम्पिसिन लिहू नये.

इथे स्पेलिंगची एक गंमत. जी औषधं स्ट्रेप्टोमायसीसपासून मिळाली त्यांच्या नावातल्या 'मायसिन'मध्ये इंग्रजीत वाय लिहितात आणि जी मायक्रोमोनोस्पोरा या जिवाणूपासून, त्यांच्यात आय. म्हणून १९६३ चं जेंटामायसिन आयने लिहितात. देवनागरीत हा भेद उरत नाही, पण औषधाचं कूळ नावातच दडवून ठेवण्याची ही रीत मला आवडते.

आता पेनिसिलिनशी तुलना करा. स्ट्रेप्टोमायसीस स्वतःच जिवाणू आहे, पण त्याची बरीच हत्यारं जिवाणूंच्याच रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर चालतात. मग त्याचं स्वतःचं रायबोसोम कसं वाचतं? तो आधी ढाल करतो आणि मग तलवार उपसतो. एरिथ्रोमायसिन १९४९ मध्ये फिलिपिन्समधल्या मातीच्या नमुन्यातून मिळालं. ते बनवणारा जिवाणू आपल्या रायबोसोमवर नेमक्या जागी एक छोटा मिथिल गट चिकटवतो, म्हणजे औषध तिथे बसतच नाही. स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा त्या रेणूला फॉस्फेट लावून निकामी करून ठेवतो आणि बाहेर टाकल्यावर पुन्हा धारदार करतो. आता रुग्णालयात या. एरिथ्रोमायसिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस नेमका तोच मिथिल गट त्याच जागी लावतो. अमिनोग्लायकोसाइडला (स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या घराण्याला) न जुमानणारे जिवाणू त्याच धर्तीची विकरं वापरतात. व्हँकोमायसिनचं तर आणखी स्पष्ट आहे. ते भित्तिकेच्या विटेच्या शेपटाला, दोन डी-ॲलनिनच्या जोडीला, मिठी मारतं. बनवणारा जिवाणू शेवटचं ॲलनिन बदलून लॅक्टेट लावतो. व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकोकस हेच करतो आणि ते करणारी जनुकंही त्याच क्रमाने मांडलेली असतात.

म्हणजे ढाल तलवारीइतकीच जुनी आहे. ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतून शास्त्रज्ञांनी रोधकतेची (म्हणजे औषधाला दाद न देण्याची) जनुकं काढून दाखवली आहेत आणि तेव्हा तर प्रिस्क्रिप्शन लिहिणारं कुणी नव्हतं. आपण फक्त एवढंच केलं की बाहेर ढालवाल्यांखेरीज कुणी जगू नये अशी परिस्थिती निर्माण केली. मूळ औषध निसर्गातलं असेल, तर त्याची तोडही निसर्गात कुठेतरी तयारच असते. ती आपल्या रुग्णाच्या जंतूपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न. २०१९ या एका वर्षात रोधक जिवाणूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले, असा जागतिक अंदाज आहे.

तिसरा प्रश्न, त्रास का होतो? 'नैसर्गिक' या शब्दाला औषधशास्त्रात काडीची किंमत नाही. घटसर्पाचं विषही नैसर्गिकच आहे. खरं उत्तर रायबोसोमपाशीच आहे. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियांचे, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या कणांचे, पूर्वज जिवाणू होते, त्यामुळे त्यांची रायबोसोम जिवाणूंच्या वळणावर गेलेली असतात. पेनिसिलिनचं लक्ष्य आपल्यात नाही, पण रायबोसोमवर चालणाऱ्या औषधांचं लक्ष्य आपल्यात थोडंफार आहे. क्लोरॅम्फेनिकॉल जास्त दिलं की अस्थिमज्जा मंदावते ती यातूनच (क्वचित होणारा जीवघेणा रक्तक्षय वेगळा, तो मात्रेवर अवलंबून नसतो). अमिनोग्लायकोसाइड आतल्या कानात आणि मूत्रपिंडात साठतात, आणि मायटोकाँड्रियाच्या एका विशिष्ट जनुकबदलाची माणसं थोड्या डोसनेही कायमची बहिरी होऊ शकतात. त्या एका बदलाने त्यांचं रायबोसोम जिवाणूच्या रायबोसोमसारखं दिसू लागतं. अमिनोग्लायकोसाइडची आणखी एक खोड म्हणजे जिवाणूच्या आत शिरायला त्यांना प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते. म्हणून गळूच्या आत, जिथे प्राणवायू नाही, तिथे जेंटामायसिन जवळपास निरुपयोगी. पू काढायलाच हवा.

टेट्रासायक्लिनचं उदाहरण सगळ्यांत सुबक. बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका सोनेरी वसाहतीच्या स्ट्रेप्टोमायसीसपासून मिळवलेलं पहिलं टेट्रासायक्लिन १९४८ मध्ये जाहीर झालं. हा रेणू कॅल्शियमला घट्ट धरतो. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा. दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर टेट्रासायक्लिन घेतलं तर ते शोषलं जात नाही, आणि गरोदर बाईला किंवा लहान मुलाला दिलं तर वाढत्या दातांत बसून ते पिवळे-तपकिरी करतं. दोन्ही नियम त्या एका वाक्यातून निघतात. आज मुख्यतः डॉक्सिसायक्लिन वापरतात. स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरा, पटकी आणि क्लॅमिडिया यांवर ते चालतं, शिवाय हिवतापाच्या प्रतिबंधासाठीही देतात.

अझिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनच्या वर्तुळात नायट्रोजनचा एक अणू घुसवून १९८० मध्ये झाग्रेबमध्ये घडवलं गेलं. ते पेशींमध्ये इतकं साठतं की तीन दिवस घेतलं तरी पुढे कितीतरी दिवस अंगात रेंगाळतं. रुग्णाला ते सोयीचं, पण रेंगाळणाऱ्या फिक्या मात्रेत जिवाणू रोधकता शिकतात. सर्दीपडशाला, जे विषाणूंमुळे होतं, हे औषध वाटण्याइतकी उधळपट्टी दुसरी नाही. विषाणूला ना पेप्टिडोग्लायकनची भित्तिका, ना स्वतःचं रायबोसोम, मग औषध धरणार कशाला?

व्हँकोमायसिन १९५० च्या दशकात बोर्निओहून एका धर्मप्रसारकाने पाठवलेल्या मातीतून आलं. सुरुवातीला त्यात इतका गाळ असायचा की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणत. रेणू अवाढव्य, त्यामुळे दोन परिणाम. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातून ते आत जात नाही, म्हणून त्यांच्यावर चालत नाही. आणि आतड्यातून शोषलं जात नाही, म्हणून रक्तातल्या एमआरएसएसाठी (पेनिसिलिनच्या घराण्यातल्या बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकससाठी) शिरेतूनच द्यावं लागतं, तेही सावकाश, तासभर लावून. भराभर सोडलं तर मान आणि चेहरा लालबुंद होतो. ती ॲलर्जी नव्हे. पण हाच दोष एका जागी गुण ठरतो. इतर अँटिबायोटिकांनी आतड्यातली वस्ती उजाड केल्यावर माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी व्हँकोमायसिन तोंडाने देतात, कारण तिथे ते आतड्यातच राहायला हवं असतं.

डॅप्टोमायसिनबद्दल मला एक फोन आठवतो. एका निवासी डॉक्टरने विचारलं, "सर, थुंकीत एमआरएसए आलाय, तुमच्या रिपोर्टमध्ये डॅप्टोमायसिन सेन्सिटिव्ह आहे, सुरू करतो." मी जवळजवळ ओरडलो. अरारात पर्वताच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसचं हे औषध जिवाणूच्या पटलात घुसून त्याला गळतं करतं. पण फुप्फुस फुगून राहावं म्हणून त्यात जो स्निग्ध पदार्थ असतो, त्यातच ते अडकून पडतं. प्लेटवर चालतं, रक्तात चालतं, न्यूमोनियात चालत नाही. चूक त्याची नव्हती. आमच्या रिपोर्टने थुंकीच्या नमुन्यावर ते औषध छापायलाच नको होतं. त्या दिवसापासून आम्ही ते वगळलं. 'सेन्सिटिव्ह' या शब्दाचा अर्थ 'प्लेटवर मेला' एवढाच असतो. औषध जागेवर पोचेल का, हे प्लेट सांगत नाही.

बॅसिलस घराण्याकडूनही दोन महत्त्वाची औषधं मिळाली. बॅसिट्रॅसिन हे ट्रेसी आडनावाच्या एका लहान मुलीच्या जखमेतून मिळालेल्या जिवाणूचं, म्हणून हे नाव. मूत्रपिंडाला घातक असल्याने ते मुख्यतः मलमापुरतं उरलं. पॉलिमिक्सिन गटातलं कोलिस्टिन ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातल्या एलपीएस नावाच्या रेणूला धरतं. ते बनवणारा पेनिबॅसिलस मात्र ग्रॅम-धन, त्याच्याकडे ते आवरणच नाही, म्हणून तो निर्धास्त. मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेमुळे कोलिस्टिन मागे पडलं होतं. कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू आले, तेव्हा नाइलाजाने पुन्हा बाहेर काढावं लागलं. २०१५ मध्ये चीनमधून त्याच्याही रोधकतेचं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या तुकड्यावर, सापडल्याची बातमी आली. तो अहवाल वाचला तेव्हा प्रयोगशाळेत बराच वेळ कुणी बोललं नव्हतं.

आणि उलटा प्रकार, जिवाणूने बुरशीविरुद्ध बनवलेलं हत्यार. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांचं १९५० चं निस्टॅटिन तोंडातल्या आणि योनीतल्या कँडिडावर चालतं. अँफोटेरिसिन बी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतलं. ही दोन्ही बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला पकडून भोकं पाडतात. जिवाणूकडे अर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून बनवणारा सुरक्षित. आपल्या पेशींत मात्र त्याचं सख्खं भावंड असतं, कोलेस्टेरॉल. म्हणून अँफोटेरिसिनने थंडी वाजून ताप येतो आणि मूत्रपिंड दुखावतं. चरबीच्या थेंबुकल्यांत भरून दिलं तर पुष्कळ सुसह्य होतं. म्युकरमायकोसिस आणि क्रिप्टोकोकसचा मेंदुज्वर यांबरोबर काळाआजारावरही ते चालतं, कारण काळाआजाराच्या परजीवीच्या पटलातही अर्गोस्टेरॉलच्या जातीचा पदार्थ असतो. पुन्हा तेच, लक्ष्य ओळखलं की यादी पाठ करावी लागत नाही.

स्ट्रेप्टोमायसीसच्या घरातून कर्करोगावरची डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, मायटोमायसिन आली, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस आलं आणि परजीवींवरच्या आयव्हरमेक्टिनचं मूळही त्यातलंच. सातोशी ओमुरा यांनी ते जपानमधल्या मातीतून मिळवलं आणि २०१५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. यांना संसर्गावरचं अँटिबायोटिक म्हणून देत नाहीत, पण परीक्षेत 'सूक्ष्मजीवजन्य औषधं' असं विचारलं तर विसरू नका.

क्लाव्ह्युलानिक आम्लाचा उल्लेख राहिला. ते स्ट्रेप्टोमायसीस क्लाव्ह्युलिजेरसचं. एकटं जवळजवळ काहीच मारत नाही, पण जिवाणू पेनिसिलिन फोडायला जे विकर सोडतो त्याच्यात पाचर मारून बसतं. अमॉक्सिसिलिनबरोबर देतात ते म्हणूनच. म्हणजे त्या एका गोळीत बुरशीची तलवार आहे आणि शत्रूची ढाल अडवणारा दुसऱ्याच एका जिवाणूचा हात.

मातीत अजून काही शिल्लक आहे का, असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस सिलिकलर या बहुचर्चित जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा अशी रसायनं बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह त्यात निघाले. त्याआधी माहीत होती ती मोजकीच. बाकीचे समूह प्लेटवरच्या सुखवस्तू आयुष्यात बंद असतात, चालू करायला त्यांना उपासमार किंवा नेमका शेजारी लागतो. शिवाय मातीतले बहुतेक जिवाणू आपल्या प्लेटवर वाढतच नाहीत. २०१५ मध्ये जाहीर झालेलं टिक्सोबॅक्टिन मिळवताना संशोधकांनी जिवाणूला प्रयोगशाळेत आणण्याचा हट्ट सोडला. बारीक कप्प्यांच्या एका चकतीत त्याला ठेवून ती चकतीच मातीत पुरली. ते अजून रुग्णांपर्यंत आलेलं नाही. पण तुम्हाला तिसऱ्या वर्षात प्रकल्प करायचा असेल, तर परिसरातली मूठभर माती घ्या, ती थोडी वाळवा आणि विरळ करून स्टार्च-केसीन आगरवर पसरा. सात ते दहा दिवस धीर धरा. चौथ्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून प्लेट टाकून देणारे विद्यार्थी मी दरवर्षी बघतो.